वहीत नसलेलं घर

मी अॅम्ब्युलन्समध्ये टेक्निशियन आहे आणि मला गाडी लागते. या दोन्ही गोष्टी एकाच बाईबद्दल खऱ्या आहेत, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतं. पुढच्या सीटवर बसलं की काही होत नाही, पण माझी जागा मागे, स्ट्रेचरशेजारी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी पाय मोडलेल्या एका गवंड्याला घेऊन आम्ही डोंगर उतरत होतो. मी त्याला "लांब श्वास घ्या, काही होत नाही" असं समजावत होते आणि चौथ्या वळणावर मलाच झालं. गवंडीभाऊंनी मोडका पाय सांभाळत माझ्यासाठी भांडं धरलं. दवाखान्याच्या दारात नर्सने विचारलं, "पेशंट कोण?" भाऊ म्हणाले, "पाय माझा, बाकी सगळं ताईंचं."

याला अकरा वर्षं झाली. गोळ्या घेऊन पाहिल्या, लिंबू हुंगून पाहिलं, खिडकीच्या फटीला नाक लावून पाहिलं. शेवटी मळमळीशी तडजोड केली: ती येणार, मी काम करणार. उंचीच्या बाबतीतही आनंदच आहे. मोठा ऑक्सिजनचा सिलिंडर माझ्या खांद्याला लागतो. आम्हाला दोघांना दारात शेजारी शेजारी पाहून एका आजोबांनी "यातलं मोठं कोण?" असं विचारलं होतं. हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी स्वतःच्या हुशारीबद्दल बोलायला लागले की तुम्ही फार मनावर घेणार नाही.

हुशारी म्हणजे माझी वही. आमच्या भागात घरांना नंबर नाहीत आणि रस्त्यांना नावं नाहीत. डोंगरावर चार घरं इकडे, तीन तिकडे, मधे शेतं. कंट्रोल रूम आम्हाला गावाचं नाव आणि फोन करणाऱ्याचा नंबर देते, पुढचं आमचं आम्ही शोधायचं. मोबाइलमधला नकाशा तर गाडीला दरवेळी एका तळ्याच्या मधोमध नेऊन सोडतो. म्हणून पहिल्या वर्षापासून मी एक जाड वही ठेवली. एखाद्या घरी जाऊन आलं की लिहून ठेवायचं: घर कसं सापडलं, पुन्हा कसं सापडेल आणि तिथे काय सांभाळायचं.

'पत्र्याचं छप्पर, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर. ट्रॅक्टर हलेल असं वाटत नाही, त्यामुळे खूण कायमची.' 'दोन कुत्रे. काळा चावतो. पांढरा चावत नाही, पण काळ्याला बोलावून आणतो.' 'सासू बेशुद्ध पडलेली दिसेल. पेशंट सून आहे.' अशी सातशेच्या वर घरं. मी रजेवर असले की बदलीवर येणारा टेक्निशियनही तिच्यावरच विसंबतो. वहीचं कौतुक झालं की मी "छे, त्यात काय एवढं" म्हणते आणि ते कौतुक पुन्हा एकदा व्हावं म्हणून तिथेच रेंगाळते.

वहीला रेक्झिनचं कव्हर आहे. आमच्या जुन्या स्ट्रेचरचं रेक्झिन फाटलं होतं, त्यातून माझ्या नवऱ्याने ते शिवून दिलं. तो शिंपी आहे. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन असतं आणि उरलेल्या घरात त्याच्या सुया असतात. कव्हर देताना त्याने वही चाळली आणि विचारलं, "अगं, यात आपलं घर कुठेय?"

"आपलं कशाला? मी काय माझ्या घरी यायला हरवणार आहे का?"

"मला काही झालं तर?"

"मी आहे ना," मी तोऱ्यात म्हटलं. त्यावर त्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की कपाळ म्हणून, हे बावीस वर्षांच्या संसारानंतरही मला सांगता येत नाही.

तोरा मला शोभतही होता म्हणा. फोन करणाऱ्यांशी बोलायची जबाबदारी माझी, आणि लोक फोनवर काय बोलतात ते ऐकून मला अकरा वर्षं हसू यायचं. "लवकर या!" "कुठे येऊ?" "आमच्या घरी!" "घर कुठे आहे तुमचं?" "अहो, इथेच!" एका माणसाने तर "मी हात वर करून उभा आहे, दिसत नाही का?" असं मला नऊ मैलांवरून विचारलं होतं. अशा सगळ्यांसाठी माझं एक वाक्य ठरलेलं होतं: "आधी शांत व्हा. रडून रस्ता सापडत नाही." हे मी नाकाने कांदे सोलल्यासारखं म्हणायचे. आमच्या ठाण्यावर ते सगळ्यांना पाठ आहे.

आमचा ड्रायव्हर मात्र हसायचा नाही. त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात. पेशंटच्या नातेवाइकांना, मला, आडव्या आलेल्या म्हशीला, सगळ्यांना तो एकच शब्द ऐकवतो: "सावकाश." स्वतः गाडी हाणतो मात्र अशी, की माझ्या मळमळीतला अर्धा वाटा त्याचा. अकरा वर्षं आम्ही एका गाडीत बसलो, एका डब्यात जेवलो. त्या अकरा वर्षांत मी त्याला "दादा, एकदा घरी या" असं किमान दोनशे वेळा म्हटलं असेल, आणि कोणत्या दिवशी हे एकदाही सांगितलं नाही. आमच्या गावात गाडी एकदाच आली होती, तीही खालच्या आळीत. त्यामुळे माझं घर दादांनी कधी पाहिलंच नव्हतं.

गावात पेशंट नसले म्हणून काय झालं, वहीत गाव हवंच, असं वाटून एका सुट्टीच्या दिवशी मी आमचं सगळं गाव पायी हिंडून लिहून काढलं. एकेका दारापुढे थांबून खुणा टिपल्या. शेवटी शेजारच्या काकूंचं घर आलं. काकू आणि मी तेव्हा बोलत नव्हतो. माझी मोपेड सकाळी सहाला दहा-बारा लाथा खाऊन सुरू होते, त्यावरून त्यांनी एकदा आख्ख्या आळीला ऐकू जाईल असं मला झापलं होतं. मी म्हटलं होतं, "तुमच्या आवाजापुढे माझी गाडी लाजते." तेव्हापासून तीन वर्षं अबोला. मी त्यांच्या घरापुढे उभी राहिले आणि मनातला सगळा राग वहीत उतरवला. मग भूक लागली म्हणून घरी गेले. आमचं घर त्याच भिंतीला लागून आहे. ते लिहायचं मनातही आलं नाही.

परवाच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळी नवरा म्हणाला, "छातीत जळजळतंय." मी चादरी भिजवत होते. मी म्हटलं, "उपाशीपोटी दोन कप चहा ढोसलात, जळजळणारच." दुसऱ्या कोणाच्या घरी पन्नाशीच्या माणसाने हे शब्द उच्चारले असते, तर मी त्याला आडवा करून छातीला वायरी चिकटवल्या असत्या. आपल्या नवऱ्याला मात्र मी चहावरून बोलणी दिली आणि चादरी पिळायला मागे गेले. 

अकराच्या सुमाराला स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मला वाटलं, पातेलं. जाऊन पाहते तर तो फरशीवर, एक हात पाण्याच्या पिंपाकडे. तोंडातून घोरल्यासारखा एक श्वास, मग बराच वेळ काही नाही. मानेला बोटं लावली. नाडी लागेना. हृदय थांबलं होतं.

यापुढचं मला तोंडपाठ आहे, मी गावोगाव शिकवते. छाती दाबत राहायचं, आणि झटका देणारं यंत्र येईपर्यंत थांबायचं नाही. यंत्र अॅम्ब्युलन्समध्ये. अॅम्ब्युलन्स ठाण्यावर, बारा मिनिटांवर. बारा मिनिटांत ती आली तर नवरा हाती लागण्याची आशा होती. पंचवीस मिनिटं लागली तर नव्हती. हा हिशेब मला नको इतका नीट येत होता.

मी फोन लावला, स्पीकर चालू करून फरशीवर ठेवला आणि छाती दाबायला लागले. पलीकडून एका मुलीचा शांत आवाज आला, "बोला, काय मदत हवी?"

"लवकर या! आमच्या घरी या!"

"घर कुठे आहे, ताई?"

"आमचं घर! मी आहे, मी!"

"मी कोण?"

हा प्रश्न मला त्या दिवशी फार अवघड गेला. "ताई, आधी शांत व्हा," ती म्हणाली, आणि मी तिच्यावर ओरडले, "तू शांत हो!" बिचारी शांतच होती. तिने माझा नंबर ठाण्यावर पाठवला. तो दादांनी ओळखला आणि गाडी सुरू करता करता उलटा फोन केला.

इतक्यात मागच्या दारातून शेजारच्या काकू आत आल्या. माझं ओरडणं भिंतीपलीकडे गेलं होतं. तीन वर्षांचा अबोला उंबऱ्याबाहेर ठेवून त्या म्हणाल्या, "काय झालं गं?" मी उत्तर दिलं नाही, कारण मी मोजत होते. छाती दाबताना मोठ्याने मोजायचं असतं.

"ताई, निघालोय," फोनमधून दादा म्हणाले. "गावात शिरल्यावर कसं?"

आमच्या गावाच्या तोंडाशी तिठा आहे. एक वाट आमच्या आळीत वर येते. दुसरी दिसते अगदी तशीच, पण डोंगराच्या पलीकडे उतरते, आणि एकदा गाडी तिच्यात शिरली की ओढ्यापर्यंत वळायला जागा नाही. जाऊन येऊन वीस मिनिटं गेली म्हणून समजा.

"अकरा, बारा... तिठ्यावर उजवीकडे!" मी ओरडले. "उजवीकडे! पंधरा, सोळा..."

"मग पुढे?"

"सतरा, अठरा..."

"सतरावं घर का?"

"नाही! एकोणीस... आमचं घर! हिरवं! नाही, हिरवं नाही, पांढरं केलं गेल्या वर्षी! वीस..."

"ताई, पटकन सांगा. वहीत कुठल्या पानावर?"

दादांच्या तोंडून 'पटकन' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला आणि माझे हातपाय गळाले. हात थांबवता येत नव्हते, म्हणून ते गळूनही दाबत राहिले.

"वहीत नाही," मी म्हटलं. म्हटलं म्हणजे रडत म्हटलं. "दादा, मी लिहिलंच नाही."

गाडीत बदलीवरचा टेक्निशियन होता. पानं उलटल्याचा आवाज आला. "तुमच्या शेजारी कोण राहतं? तुमच्या गावाचं शेवटचं पान एका काकूंचं आहे, त्याच का?" त्याने विचारलं. मी हो म्हणायच्या आत त्याने खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. माणूस कर्तव्यदक्ष होता, एक अक्षर गाळलं नाही. "'वरच्या आळीत शेवटून दुसरं घर. वाट न सापडल्यास थांबून ऐकावं आणि आवाज येईल तिकडे जावं. बाई म्हणजे भोंगा आहे. कान किटतात. दुखणं काही नसतं, नुसता आरडाओरडा.' हेच का, ताई?"

माझ्या नवऱ्याची छाती माझ्या हाताखाली होती, आणि काकू माझ्यासमोर.

"चोवीस," मी म्हटलं.

काकूंनी फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "भोंगा?" त्या म्हणाल्या. अगदी हळू म्हणाल्या. त्यांचा हळू आवाज कसा असतो, हे मला तेव्हा कळलं. मग त्यांनी पदर खोचला आणि पुढच्या दाराने निघून गेल्या.

गेल्या, मला वाटलं. जायलाच हव्यात. मी त्यांच्या जागी असते तर मीही गेले असते. आता घरात मी, नवरा आणि माझं मोजणं. दंड पेटले होते. छाती पुरेशी खोल दाबायला माझं वजनच पुरत नव्हतं, म्हणून दरवेळी गुडघ्यांवर उठून सगळं अंग त्याच्यावर टाकत होते. एकदा हाताखाली कटकन बरगडी मोडली. मी त्याला सॉरी म्हटलं आणि पुन्हा दाबलं. "जाऊ नका हो," असंही म्हटलं, बऱ्याच वेळा, आकड्यांच्या मधेमधे. रडून रस्ता सापडत नाही हे खरंच आहे. पण रडू थांबतही नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि मग तो आवाज आला. पार तिठ्याकडून. "इकडे! अरे इकडे! वर! वर या!" काकू गुडघे दुखत असताना तिथवर पळत गेल्या होत्या आणि वाटेच्या मधोमध उभ्या राहून ओरडत होत्या. सायरन जवळ आला, तरी काकू त्याच्या वर ऐकू येत होत्या. जगात मला इतका गोड आवाज दुसरा माहीत नाही.

पुढचं भराभर झालं. बदलीवरच्या टेक्निशियनने आत येऊन कात्रीने शर्ट कापला, यंत्र लावलं, मला "ताई, मागे व्हा" म्हटलं. पहिला झटका दिला, काही नाही. त्याने दाबलं, दादांनी दाबलं. दुसऱ्या झटक्यानंतर त्याने मानेला बोटं लावली आणि तो नुसता माझ्याकडे बघून मान हलवत राहिला. या खेपेला ती मान हो म्हणून हलली होती. मी तिथेच पिंपाला टेकून बसले. गाडीत शिरायला गेले तर तो म्हणाला, "तुम्ही पुढे बसा, मागे नातेवाईक नको." हे वाक्यही माझंच, मी शेकडो लोकांना ऐकवलेलं. मी ऐकलं नाही. मागेच बसले, वळणावळणांच्या रस्त्यावर पाऊण तास, नवऱ्याचा हात धरून. त्या दिवशी मला मळमळलं नाही. इतकी घाबरले होते, की मळमळायलाही सवड मिळाली नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडून नीट माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अहो, कसं वाटतंय?"

"बरगड्या दुखतायत."

"तीन मोडल्या. मीच मोडल्या."

त्याने डोळे मिटून थोडा विचार केला. मग म्हणाला, "आणि शर्ट कापला म्हणे. कापायचाच होता तर शिवणीवरून तरी कापायचा."

मी वॉर्डात सगळ्यांसमोर भोकाड पसरलं. शेजारच्या खाटेजवळची बाई माझी मुलगी शोभेल एवढीच होती. तिनेच मला पाणी दिलं.

तो घरी आल्यावर आठवडाभराने काकू दारात उभ्या राहिल्या. आमच्यासाठी रोज दूध तापवून आणत होत्या, पण त्या दिवशी हात रिकामे होते. "वही दाखव," त्या म्हणाल्या. नवऱ्याला बघायला आलेल्या दादांनी ती गाडीतून आणून दिली. मी त्यांच्या पायाच पडायला निघाले होते, त्यांनी खांद्याला धरून उभं केलं. चष्मा लावून आपलं पान दोनदा वाचलं.

"'दुखणं काही नसतं' हे खोड. गुडघे दुखतात माझे, तिठ्यापर्यंत पळाल्यापासून जास्तच."

मी खोडलं. "आणि भोंगा?"

"ते राहू दे," काकू म्हणाल्या. "कामाचं आहे."

मग जाता जाता त्यांनीच मला सांगितलं. त्या तिठ्यावर पोचल्या तेव्हा गाडीचा उजवा दिवा लुकलुकत होता. गाडी उजवीकडच्या वाटेवर वळायलाच लागली होती, मी सांगितलं तसंच. आमच्या आळीची वाट डावीकडे आहे. गावातून बाहेर पडताना तिठ्यावर ती माझ्या उजव्या हाताला असते. रोज सकाळी त्या वाटेने मी बाहेर जाते, ती मला तेवढीच ठाऊक. येताना मी कधी तिच्याकडे बघितलंच नाही, येताना मी मनाने घरी पोचलेली असते. काकूंनी गाडीसमोर आडवं उभं राहून ती थांबवली होती. 

कामावर परतले तेव्हा वही नेहमीच्या जागी, ऑक्सिजनच्या सिलिंडरमागे होती. आता फोनवर कोणी "आमच्या घरी या" म्हणालं की मी हसत नाही. "येतेच आहे," असं म्हणते, "तुमच्या शेजारी कोण राहतं ते सांगा." त्या दिवशी मी खिडकीशी बसून आमच्या गावाची पानं काढली, म्हटलं, आता तरी आपलं घर लिहावं. काकूंच्या पानाखाली जागा होती. तिथे कोणीतरी आधीच लिहून ठेवलं होतं. ड्रायव्हरदादांचं अक्षर मोठं आणि वाकडं आहे, लांबूनही ओळखू येतं.

'तिठ्यावर डावीकडे. शेवटचं घर, पांढरं, दारात मोपेड, आत शिलाई मशीन. घरातली बाई आपलीच आहे, पण तिला रस्ता विचारू नये, तिला सांगता येत नाही. शेजारणीला विचारावं. सावकाश जाऊ नये.'